मनोविकार परिचर्येचा मार्ग : विद्यार्थ्यांसाठी काही माहिती

मंडळाचा गेल्या वर्षीचा गुणगौरव समारंभ आटोपल्यावर बारावी सायन्स झालेली एक विद्यार्थिनी आपल्या आईला घेऊन आमच्याकडे आली. तिच्या मैत्रिणीची मावसबहीण अमेरिकेत ‘सायकियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर’ आहे, ती स्वतः मनोरुग्णांना तपासते, औषधे लिहून देते, असे तिने ऐकले होते. “मला तेच व्हायचंय, त्यासाठी काय करावं लागेल?” एवढाच तिचा प्रश्न होता. आईचा प्रश्न वेगळा होता. “ताई, नर्स होऊ दे, आमची ना नाही. पण वेड्यांच्या दवाखान्यात नको. उद्या हिचं लग्न कसं जमायचं?”

आम्ही एकतीस वर्षे हीच नोकरी केली. त्यातली बरीचशी सरकारी मनोरुग्णालयाच्या वॉर्डात, आधी अधिपरिचारिका आणि पुढे परिसेविका म्हणून गेली. त्या दिवशी दोघींनाही आम्ही घाईत अर्धीमुर्धी उत्तरे दिली. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा ती उत्तरे नीट लिहून काढावीत असे ठरवले.

प्रथम मुलीच्या प्रश्नाकडे वळू. ‘नर्स प्रॅक्टिशनर’ ही कल्पना अमेरिकेतली. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ या दोघांनी पहिला अभ्यासक्रम सुरू केला. खेड्यापाड्यांत आणि गरीब वस्त्यांत मुलांना तपासायला डॉक्टर मिळत नव्हते. अनुभवी परिचारिकेला जादा शिक्षण दिले तर ती हे काम करू शकेल, हा त्यामागचा साधा हिशेब होता. पुढे हीच पद्धत मनोविकाराच्या क्षेत्रात आली. आज तिथे ही परिचारिका रुग्णाची मुलाखत घेते, निदान करते, औषध सुरू करते, बदलते, समुपदेशनही करते. निम्म्याहून अधिक राज्यांत तिला हे डॉक्टरच्या देखरेखीशिवाय करता येते, उरलेल्या राज्यांत डॉक्टरशी करार करावा लागतो. मात्र त्यासाठी आधी नोंदणीकृत परिचारिका असणे, नंतर याच विषयातली पदव्युत्तर पदवी किंवा डॉक्टरेट, त्यात शेकडो तासांचे देखरेखीखालील प्रात्यक्षिक काम आणि शेवटी राष्ट्रीय पातळीवरची प्रमाणपत्र परीक्षा, एवढी मजल मारावी लागते. म्हणजे बारावीनंतर सहा ते आठ वर्षांचा अभ्यास झाला.

आपल्याकडे परिचारिका स्वतःच्या अधिकारात मनोविकाराचे औषध लिहून देत नाही, ते काम मनोविकारतज्ज्ञाचे आहे. भारतीय परिचर्या परिषदेने नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला तो अतिदक्षता विभागासाठी, २०१७ च्या सुमारास. त्यानंतर सुईणपणाच्या कामासाठीही तशी योजना आली. मनोविकारासाठी आपल्याकडचा रस्ता आहे तो मनोविकार परिचर्येतील डिप्लोमा आणि एम.एस्सी. यांचा. हे ऐकून त्या मुलीचा चेहरा पडला. ‘मग इथली नर्स काय, नुसती गोळ्या वाटत बसते?’ असे ती म्हणाली नाही, पण तिच्या डोळ्यांत ते दिसले. म्हणून या परिचारिकेचे काम नेमके काय असते, ते जरा सविस्तर सांगतो.

डॉक्टर राउंडला येतात, रुग्णाजवळ पाच-दहा मिनिटे थांबतात आणि पुढे जातात. दिवसाचे उरलेले तास रुग्ण परिचारिकेच्या नजरेसमोर असतो. मनोविकारात बहुतेक निदान आणि बहुतेक निर्णय हे रुग्ण कसा झोपला, काय जेवला, कोणाशी बोलला, एकटाच पुटपुटत होता का, यांवर उभे असतात. क्ष-किरणात स्किझोफ्रेनिया दिसत नाही. तेव्हा रात्रपाळीच्या सिस्टरने केसपेपरवर लिहिलेल्या चार ओळी, हाच पुष्कळदा खरा रिपोर्ट असतो. ‘रात्री झोप चांगली’ असे न बघता लिहिणारी परिचारिका रुग्णाचे किती नुकसान करते, हे तिला स्वतःलाही कळत नाही.

आमच्याच चुकीचे उदाहरण देतो. नोकरीला जेमतेम वर्ष झाले होते. तीव्र नैराश्याने दाखल झालेला एक गृहस्थ तीन आठवडे भिंतीकडे तोंड करून पडून असे. एके सकाळी तो उठला, दाढी केली, आमच्याशी हसून बोलला आणि आपले घड्याळ शेजारच्या खाटेवरच्या मुलाला देऊन टाकले. आम्हाला फार आनंद झाला. औषध लागू पडले असे आम्ही मोठ्या कौतुकाने परिसेविकाबाईंना सांगितले. त्यांनी घड्याळाचे ऐकले मात्र, हातातला चहा तसाच ठेवून उठल्या. त्याच्या उशीखाली काय सापडले ते इथे लिहीत नाही. त्या दिवसापासून त्याच्याजवळ चोवीस तास माणूस बसवला, आणि दोन महिन्यांनी तो आपल्या पायांनी घरी गेला. पुढे अभ्यास करताना कळले की नैराश्याचा रुग्ण अगदी खोल बुडालेला असतो तेव्हा हातपाय हलवायचीही शक्ती त्याच्यात नसते. थोडी उभारी येते तोच काळ अधिक जपण्याचा असतो. आवडती वस्तू देऊन टाकणे आणि अचानक आलेली शांतता या खुणा परिचारिकेने ओळखायच्या असतात. विद्यार्थ्यांनी हे केवळ परीक्षेपुरते पाठ करू नये.

दुसरे काम बोलण्याचे. हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेने १९५२ साली आपल्या पुस्तकात मांडले की, परिचारिका आणि रुग्ण यांच्यातले नाते हेच परिचर्येचे मुख्य साधन होय. वाक्य सोपे वाटते. पण समजा, रुग्ण म्हणतो, “भातात विष घातलंय.” त्याला “वेड्यासारखं काय बोलता, गुपचूप जेवा” म्हणणे चूक, “हो का, खरंच असेल” म्हणणेही चूक. पहिल्याने तो तुटतो, दुसऱ्याने त्याचा भ्रम पक्का होतो. “मला यात विष दिसत नाही, पण तुम्हाला भीती वाटतेय हे मला समजतं” असे सांगून त्याच्या हातात न सोललेले केळे किंवा कवचासकट उकडलेले अंडे द्यावे. ते तो स्वतः सोलून खातो. वाद घालून जे झाले नसते ते एका केळ्याने होते. अशा गोष्टी पुस्तकात थोड्या आणि जुन्या सिस्टर-ब्रदर मंडळींकडे फार असतात. त्या विचारून घ्याव्यात.

तिसरे काम औषधांवर नजर ठेवण्याचे, आणि यातले थोडे तरी ज्ञान आपल्या प्रत्येक घरात पोहोचले पाहिजे. हॅलोपेरिडॉलसारखे इंजेक्शन दिल्यानंतर काही रुग्णांची, विशेषतः तरुण मुलांची मान अचानक एका बाजूला वळते, डोळे वर जातात, जबडा आखडतो. हा त्या औषधाचा दुष्परिणाम आहे. वॉर्डात असे झाले तर सिस्टर लगेच ओळखते, डॉक्टरांना कळवते, प्रोमेथाझिनसारखे इंजेक्शन दिले जाते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत मान सरळ होते. हेच घरी झाले की नातेवाईक म्हणतात, “अंगात आलं,” औषध कायमचे बंद होते आणि रुग्ण देवऋषाकडे जातो. लिथियम घेणाऱ्या रुग्णाला उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या, किंवा त्याने मीठ एकदम बंद केले, तर रक्तातले लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते; हात फार थरथरू लागले, पाय अडखळू लागले, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचारावे लागते. क्लोझापिनवर असलेल्या रुग्णाचा साधा ताप आणि घसादुखीही हलकी घ्यायची नसते, कारण पांढऱ्या पेशी कमी होण्याची ती खूण असू शकते. औषध डॉक्टरने लिहिले तरी ते रुग्णाच्या अंगी लागते की अंगावर उलटते, हे बघणारे डोळे परिचारिकेचे असतात.

शॉक ट्रीटमेंटविषयी सिनेमांनी पसरवलेली भीती तर विचारूच नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय विद्युत उपचार करण्यास बंदी आहे. रुग्ण उपाशीपोटी आहे ना, कवळी काढली ना, संमतिपत्र झाले ना, हे परिचारिका पाहते, आणि तो जागा झाल्यावर “मी कुठे आहे?” असे विचारतो तेव्हा हात धरून सांगणारीही तीच असते.

या कायद्याचा उल्लेख आला म्हणून आणखी थोडे. तो २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याआधी १९८७ चा कायदा होता आणि त्याच्याही आधी इंग्रजांचा १९१२ चा. नव्या कायद्याने रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास कोणत्याही स्वरूपात मनाई केली. दुसरा कोणताच उपाय उरला नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि नोंद करून, रुग्णाला तेवढ्या वेळेपुरते आवरून ठेवता येते. हे कलम कशासाठी, ते समजून घ्यायचे तर तमिळनाडूतील एरवाडीची आठवण ठेवावी. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथील एका खाजगी आश्रयस्थानाला पहाटे आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. अठ्ठावीस माणसे गेली. तेथे एकही प्रशिक्षित परिचारिका रात्रपाळीला असती तर साखळ्या राहिल्या असत्या का, हा प्रश्न आम्ही प्रत्येक नव्या तुकडीला विचारीत असू.

एरवाडी लांब आहे, असे कोणी म्हणेल. आमच्याच नात्यातली गोष्ट सांगतो. एका घरची सून पहिल्या बाळंतपणानंतर पाचव्या दिवसापासून झोपेना. पंधराव्या दिवशी ती म्हणू लागली की हे मूल माझे नाही, कोणीतरी बदलले आहे. घरच्यांनी बाहेरची बाधा ठरवली. एका ठिकाणी तिला सात महिने ठेवले. तिथे तिला मारही बसला. बाळंतपणानंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत असा तीव्र आजार काही थोड्या स्त्रियांना होतो, तो तातडीचा असतो आणि वेळेवर उपचार झाल्यास त्यातून स्त्री पूर्ण बरी होऊ शकते, हे आम्ही वर्षानुवर्षे विद्यार्थिनींना शिकवीत होतो. आणि आमच्याच घरातले हे आम्हाला सात महिन्यांनी कळले, कारण “तिला सांगितलं तर ती आपल्या दवाखान्यात नेईल, मग गावभर होईल” अशी सर्वांना धास्ती होती. उपचार सुरू झाल्यावर दीड-दोन महिन्यांत ती सावरली. पण तोवर मूल चुलतीला आई म्हणू लागले होते, आणि ते पुढेही तसेच म्हणत राहिले. आता महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा त्याखाली गुन्हा आहे. परंतु कायदा पोलिसांत गेल्यावर लागू होतो. पंधराव्या दिवशी “ही बाधा नाही, आजार आहे, आजच चला” असे ओट्यावर बसून सांगणारे माणूस घरातले किंवा आळीतले असावे लागते.

आपल्या बोलण्यात “याला ठाण्याला पाठवा”, “हा येरवड्याचा पाहुणा” असे किती सहज येते! ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तेथे माणसे बरी होऊन घरी जातात, हे मात्र कोणी बोलत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झाले. त्यात शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले, आणि आजारानुसार सत्तर ते ब्याण्णव टक्के रुग्ण उपचाराविना होते. म्हणजे या क्षेत्रात काम नाही, असे कधी होणार नाही.

आता प्रत्यक्ष मार्ग. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय असतील तर चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग हा सर्वांत चांगला पर्याय होय. शास्त्र शाखा नसलेल्यांनी निराश होऊ नये. तीन वर्षांचा जी.एन.एम. अभ्यासक्रम कला-वाणिज्यवाल्यांनाही खुला आहे, आणि त्यानंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. दोन्ही अभ्यासक्रमांत मानसिक आरोग्य परिचर्या हा विषय आणि मनोरुग्ण विभागातले प्रात्यक्षिक असते. ते आठवडे पुष्कळ विद्यार्थी कोपऱ्यात उभे राहून काढतात. ज्याला हे क्षेत्र निवडायचे आहे त्याने तेव्हाच रुग्णाजवळ बसून बघावे. आपल्याला हे जमेल का, ते पंधरा दिवसांत कळते. पदवीनंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी. त्यापुढे मनोविकार परिचर्येचा एक वर्षाचा डिप्लोमा, किंवा एक वर्ष नोकरीचा अनुभव घेऊन दोन वर्षांची एम.एस्सी. बंगळुरूची निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था आणि आसामात तेजपूरची लोकप्रिय गोपीनाथ बोरदोलोई संस्था या ठिकाणच्या शिक्षणाला देशभर मान आहे. परिचर्येचे शिक्षण आणि नोंदणी यांची व्यवस्था बदलणारा राष्ट्रीय आयोगाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे, तेव्हा नियमांसाठी त्या-त्या वर्षीचे माहितीपत्रकच पाहावे. गेल्या वर्षीच्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये.

कागदपत्रांविषयी दोन शब्द, कारण आपल्या मुलांचे प्रवेश गुणांपेक्षा कागदांनी अधिक हुकतात. जात प्रमाणपत्र आणि वैधता प्रमाणपत्र बारावीच्या निकालाची वाट न पाहता अकरावीतच हाती घ्यावे. राज्याची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना आहे. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. निम्हान्ससारख्या केंद्रीय संस्थेत मात्र केंद्राच्या नमुन्यातले जात प्रमाणपत्र मागतात. १९९० पासून बौद्धांना ही केंद्रीय सवलत आहे, तरी तहसील कार्यालयातून योग्य नमुन्यातला कागद मिळायला वेळ लागतो, हे गृहीत धरून चालावे.

नोकऱ्या सरकारी मनोरुग्णालयांत, वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागांत, खाजगी रुग्णालयांत आणि व्यसनमुक्ती केंद्रांत आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली देशात चार जिल्ह्यांपासून सुरू झाला. त्याच्या पथकात परिचारिकेचे पद असते आणि गावोगावच्या शिबिरांना जावे लागते. केंद्र सरकारच्या रुग्णालयांत नर्सिंग ऑफिसरचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. खाजगीत पुष्कळ ठिकाणी याच्या निम्मेही हाती पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. मुलांनीही हा मार्ग बायकांचा म्हणून सोडू नये. पुरुषांच्या वॉर्डात चांगल्या ब्रदरची उणीव आम्ही आयुष्यभर अनुभवली.

परदेशी जायचेच असेल तर आधी येथून पदवी आणि दोन-तीन वर्षांचा अनुभव घ्यावा. अमेरिकेसाठी शिक्षणाच्या कागदपत्रांची पडताळणी, इंग्रजीची परीक्षा आणि एनक्लेक्स ही परवाना परीक्षा द्यावी लागते. आपली एम.एस्सी. तेथे नर्स प्रॅक्टिशनरच्या पदवीच्या जागी आपोआप धरली जात नाही; तेथील अभ्यासक्रम पुन्हा करावा लागतो. व्हिसाची रांग तर वर्षानुवर्षांची आहे. ब्रिटनमध्ये मानसिक आरोग्य परिचर्या ही नोंदणीची स्वतंत्र शाखाच आहे आणि पुढील शिक्षण घेतलेल्या परिचारिकेला तेथेही औषध लिहिण्याचा अधिकार मिळू शकतो. एजंटला पैसे देण्यापूर्वी मंडळातील जाणत्यांना जरूर विचारावे.

या नोकरीत त्रास नाही असे आम्ही म्हणणार नाही. एका पाळीत साठ-सत्तर रुग्ण आणि दोन परिचारिका, अशा रात्री आम्ही काढल्या आहेत. दोनदा मार खाल्ला. एकदा चष्मा फुटला. ज्याने फोडला त्यानेच बरा झाल्यावर दुरुस्तीचे पैसे देऊ केले, ते घेतले नाहीत. बरे झालेल्या रुग्णाला न्यायला घरचे कोणी येत नाही, आणि तो दर रविवारी फाटकाकडे बघत बसतो, हे मारापेक्षा जड जाते.

राहिला आईचा प्रश्न. आमचे लग्न या नोकरीत असतानाच झाले. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावले होते की कुठे नोकरी करते ते पाहुण्यांना सांगू नकोस. पुढे म्हातारपणी त्यांना विसराळूपणा आला, रात्री उठून दार उघडून चालू लागल्या, तेव्हा घरात इतर सगळे घाबरले. सहा वर्षे त्यांचे आम्ही केले. हे त्या बाईंना सांगितले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. निघताना मात्र त्यांनी एवढेच विचारले, “रात्रपाळीला गाडी असते का हो?” आमच्या वेळी नव्हती. मुलीने बी.एस्सी. नर्सिंगचा अर्ज भरला आहे.